बाजारचौकातलं दुसरं टेबल

मँचेस्टरच्या विमानतळावर तपासणीच्या क्यूमध्ये आमचे शेंगदाण्याचे लाडू अडवले गेले. तपासणीवरच्या बाईनं डबा उघडून "व्हॉट्स दिस, लव्ह?" असं विचारलं आणि माझी आई खुलली. आईनं नागपूरला महापालिकेच्या शाळेत तीसेक वर्षं भूगोल शिकवला आहे. प्रश्न आला की पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, ही तिची जुनी खोड. शेंगदाणा, गूळ आणि भुईमूग कोणत्या जमिनीत चांगला येतो, इथपर्यंत तिनं इंग्रजीत सांगितलं. मागचे लोक उसासे टाकत होते. बाईनं हसत डबा परत दिला आणि आम्ही स्वित्झर्लंडला निघालो.

"हे सगळं लिही," आई विमानात मला म्हणाली. तिच्या निवृत्त शिक्षिकांच्या गटात वाचून दाखवायला तिला प्रवासवर्णन हवं होतं. "डोंगर लिही, नद्या लिही, लोक काय खाऊन राहिले ते लिही." मी हो म्हटलं. डोंगर आणि नद्या येतीलच पुढे. पण खरं सांगायचं तर मी लिहायला बसले आहे ती रागानं. घरी येऊन आठवडा झाला तरी तो राग उतरलेला नाही, आणि तो झाकून नुसती बर्फाची वर्णनं करत बसणं मला जमणार नाही.

आम्ही पाच जण होतो. मी प्रज्ञा, मँचेस्टरला एका कंपनीत डेटाचं काम करते. आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आलेली. बाकीचे तिघे म्हणजे नितीन, त्याची बायको मेधा आणि पुण्याहून आलेल्या नितीनच्या आई, ज्यांना मी काकू म्हणते. नितीन माझा जुना सहकारी. सहा वर्षांपूर्वी मी दोन बॅगा घेऊन मँचेस्टरला उतरले तेव्हा घर बघून देण्यापासून जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घालण्यापर्यंत सगळं त्यानं केलं होतं. माणूस मदतीला तत्पर, उत्साही, आणि यादी केल्याशिवाय पाणीही न पिणारा. आम्ही बौद्ध आहोत हे त्याला पहिल्यापासून माहीत आहे. मीच सांगितलं होतं, रविवारी विहारात जाते म्हणून तुमच्या क्रिकेटला येता येत नाही, असं. "अगं, आपण असलं काही मानत नाही," असं तो तेव्हा घाईघाईनं म्हणाला होता. मानतोस का, असं मी विचारलेलंच नव्हतं.

सहलीच्या आधी त्यानं फोनवर एक तक्ता पाठवला. गाडीची वेळ, फलाट, बघायची ठिकाणं, आणि शेवटच्या रकान्यात जेवण. त्या रकान्यात चारही दिवस 'प्युअर व्हेज' लिहिलेलं होतं. मी फोन केला.

"नितीन, आम्ही दोघी सगळं खातो हं. आमच्यासाठी मुद्दाम काही शोधू नकोस."

"हो गं, माहीतीये. पण आई आहे ना बरोबर. सगळ्यांनी एकत्र जेवायचं तर व्हेजच सोपं पडतं."

मला पटलं. एकत्र जेवायचं, हे कारण चांगलंच होतं. काकू आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या बाई, परक्या देशात त्यांना त्रास कशाला? आम्ही चार दिवस बटाटा आणि चीज खाल्लं म्हणून आमचं काही बिघडणार नव्हतं.

झ्युरिकहून आगगाडीनं निघालो आणि तासाभरात पहिलं बर्फाचं शिखर दिसलं. आईनं खिडकीच्या काचेला नाक लावलं. फळ्यावर तपकिरी खडूनं तिनं आल्प्स इतक्या वेळा काढला होता की न बघताही तिला तो काढता आला असता. आता तो समोर आल्यावर तिनं मान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. मग म्हणाली, "मी पोरांना उंची सांगत होती बाई. एवढा रुंद आहे हे मलेच माहीत नव्हतं."

काकू तिच्या समोरच बसल्या होत्या. "आणि हिरवळ बघा हो! कुणी रोज झाडून काढतं की काय," त्या म्हणाल्या. दोघींचं छान जमलं होतं. काकू पोस्टात होत्या, आई शाळेत. दोघींच्या पोतडीत साहेबांचे किस्से होते, आणि साहेब लोक पुण्यात काय नि नागपुरात काय, सारखेच निघाले. मी त्या दोघींकडे बघत होते आणि मनातल्या मनात नितीनचे आभार मानत होते. हे मुद्दाम लिहिते आहे. पुढे जे घडलं त्याला मी आधीपासून टपून बसले होते, असं कोणी समजू नये.

तीन दिवस आम्ही एका तळ्याकाठी राहिलो. सकाळी तळं इतकं स्थिर की डोंगर त्यात उलटा दिसायचा, आणि दहाची पहिली बोट गेली की मोडायचा. जेवायला कधी रोश्टी (किसलेल्या बटाट्याचं जाडसर, खरपूस धिरडं), तर कधी राक्लेट (उकडलेल्या बटाट्यावर वितळवून ओतलेलं चीज). पहिल्या दिवशी आईनं मन लावून खाल्लं. दुसऱ्या दिवशी पर्समधून जवसाच्या चटणीची बाटली निघाली. तिसऱ्या दिवशी ती ताटाकडे बघून म्हणाली, "काल बटाट्यावर चीज होतं. आज चीजखाली बटाटा आहे."

चौथ्या दिवशी एका जुन्या गावी जायचं होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण गावाचा यात काही दोष नाही. तक्त्याप्रमाणे साडेबाराला तिथल्या शाकाहारी खानावळीत जेवण होतं. पण तिकडची गाडी वाटेत एका स्टेशनावर दुभंगते. पुढचे डबे एका दिशेला जातात, मागचे दुसऱ्या. फलाटावरच्या पाटीवर तसं चित्रच काढलेलं होतं आणि ते आईच्या बरोबर लक्षात आलं.

"नितीन, ही गाडी पुढे जाऊन तुटते का रे?"

"नाही हो मावशी, सेम ट्रेन आहे. बसा तुम्ही."

आम्ही बसलो, मागच्या डब्यात. पाऊण तासानं एका दरीतल्या शेवटच्या स्टेशनावर उतरलो. तिथं एक बंद तिकीटखिडकी, दोन सायकली आणि कुंपणापलीकडे गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, एवढंच होतं. नितीनचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आईनं मात्र दरीचा आकार बघितला, ही हिमनदीनं कोरलेली दरी आहे असं काकूंना समजावून सांगितलं आणि तक्त्यात नसलेली ही जागा बघायला मिळाली म्हणून खूश झाली.

परतीची गाडी धरून त्या गावात पोचेपर्यंत सव्वादोन वाजले. या देशात दुपारी दोनला स्वयंपाकघरं बंद होतात. शाकाहारी खानावळीच्या दारातली मुलगी खुर्च्या टेबलांवर उलट्या मांडत होती. "क्युखे गेश्लोसन (स्वयंपाकघर बंद)," तिनं सांगितलं आणि आम्हाला हातानं पुढचा रस्ता दाखवला. त्या रस्त्यानं आम्ही मार्क्टप्लात्झवर (बाजारचौकात) आलो.

चौक सुंदरच होता, रागातसुद्धा ते कबूल करायला हवं. तीन बाजूंनी उंच, अरुंद घरं, एकमेकांना खेटून. भिंतींवर द्राक्षांचे वेल, सरदार आणि घोडे रंगवलेले, प्रत्येक खिडकीत लाल जिरेनियमची फुलं. खाली कमानींचा ओटा, म्हणजे पाऊस आला तरी बाजार चालू. चौथ्या बाजूला जुनं धान्याचं कोठार, त्याच्या दगडी चौकटीत धान्य मोजायच्या मापांच्या खुणा कोरलेल्या. आई तिथं बोट फिरवत उभी राहिली. सकाळचा बाजार नुकताच उठला होता. चीजवाला आपली गाडी धूत होता आणि फरसबंदीवर मुळ्याची पानं पडली होती. मध्यभागी हातात झेंडा घेतलेल्या दगडी शिपायाचं कारंजं होतं. त्याच्या हौदावर एक छोटी पाटी होती.

"ट्रिंकवासर म्हणजे?" आईनं विचारलं.

"पिण्याचं पाणी."

"कोणीही प्यायचं?"

"कोणीही."

बाटली भरायच्या आधी तिनं ओंजळ धरली आणि पोटभर पाणी प्यायली.

कारंज्याच्या अलीकडेच एका पिझ्झेरियानं टेबलं मांडली होती आणि 'दिवसभर गरम जेवण' अशी पाटी लावली होती. स्विस गावात येऊन इटालियन पिझ्झा खायचा, यावर मेधानं नाक मुरडलं, पण भुकेपुढे कोणाचं काय चालतं? लोक अगदी सैलावून बसले होते. बाजारातले दोघे तिघे कामाच्या कपड्यांतच आले होते. एका बाईनं बाबागाडी पायानं हलवत एका हातानं पिझ्झा चालवला होता. इथं पिझ्झा कापून देत नाहीत. ताटाबाहेर डोकावणारा अख्खा पिझ्झा आणि एक सुरी समोर ठेवतात, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. आम्ही एका लांब टेबलाशी बसलो. काकूंच्या खांद्याला जवळजवळ खांदा लावून शेजारच्या टेबलावर एक आजोबा हॅम घातलेला पिझ्झा खात होते. त्यांनी आमच्याकडे वळून मान लववली. नितीननंही त्यांना हसून मान लववली. हे आजोबा लक्षात ठेवा.

वाढणारी बाई साठीकडे झुकलेली होती, आखूड पांढरे केस आणि कमरेला काळा ॲप्रन. मेनू जर्मनमध्ये. नितीननं तिघांसाठी मार्गेरिटा सांगितला. आईनं चष्मा सरसावून सगळी यादी वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं.

"पेपरोनी म्हणजे काय असते?"

"सॉसेजच्या पातळ चकत्या असतात आई. डुकराच्या मांसाच्या. तिखट असतात."

"तिखट? मग तेच सांग. चार दिवस झाले जिभेला काही कळूनच नाही राहिलं."

मी क्षणभर नितीनकडे बघितलं. पण तक्ता तर सकाळीच मोडला होता, प्रत्येकाचं ताट वेगळं होतं, आणि माझ्या आईला इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी खावंसं वाटलं होतं. "दोन पेपरोनी," मी सांगितलं. मँचेस्टरच्या कुठल्याही दुकानात जे सांगितलं असतं तेच. बाईनं लिहून घेतलं आणि गेली.

नितीन आणि मेधानं एकमेकांकडे बघितलं. काकू मेनू वाचत राहिल्या. त्यांना जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं. मग नितीन माझ्याकडे झुकला.

"प्रज्ञा, ऐक ना. प्लीज डोन्ट माइंड हं. आईला ना थोडं अनकम्फर्टेबल होतं, पोर्क वगैरे. तर तुम्ही दोघी त्या पलीकडच्या टेबलवर बसता का? फक्त जेवणापुरतं. मग डेझर्ट एकत्र करू."

"आणि तिकडून व्ह्यू पण मस्त आहे," मेधा म्हणाली.

"इट्स ओके," मी म्हणाले.

मीच म्हणाले. सभेत उभं राहून बोलणारी मी, ऑफिसात कोणी माझ्या टीममधल्या मुलीचं बोलणं तोडलं तर त्याला तिथंच थांबवणारी मी. तोंडातून निघालं ते हे, आणि तेही इंग्रजीत.

मी आईकडे वळले तर ती उभी होती. पर्स खांद्याला लावलेली, पाण्याची बाटली हातात. तिनं खुर्ची आवाज न होऊ देता आत सरकवली आणि ती कारंज्याजवळच्या छोट्या टेबलाकडे चालायला लागली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तिला दोनदा सांगावं लागलं नाही, आणि माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलं ते यानंच. मी लहान असताना तिनं एकदा सांगितलं होतं. शिक्षिकेचं ट्रेनिंग घेत असताना तिच्या मेसमध्ये तिचं ताट वेगळ्या फळीवर ठेवलेलं असायचं आणि बसायची जागा दाराजवळ. तेव्हा कोणी बोलायचं नाही, नुसती नजर जायची आणि हिनं उठायचं. दोन वर्षं. म्हणजे उठायचं कसं, हे माझ्या आईला शिकवलेलं होतं. शिकवण्यात हयात घालवून, निवृत्त होऊन, हयातभर फळ्यावर काढलेला देश बघायला ती आली होती, आणि त्या देशाच्या भर चौकात माझ्या मित्रानं तिच्याकडून तोच धडा म्हणून घेतला.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात? वास सहन होत नाही एखाद्याला. कबूल. काकूंनी काय खावं याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही, आणि त्यांना मळमळत असेल तर मी स्वतः ताट घेऊन लांब बसले असते. पण मग ते आजोबा? त्यांचा हॅम काकूंच्या खांद्यापासून दोन वितींवर होता. वाफ येत होती त्याची. त्या आजोबांपासून लांब बसू या, असं नितीनला वाटलं नाही. परक्या माणसाच्या डुकराचा वास येत नव्हता आणि आमचा, अजून भट्टीतही न गेलेला, येत होता. हे गणित मला कोणीतरी समजावून सांगावं.

आम्ही दोघी दुसऱ्या टेबलाशी बसलो. "आई, चल, जाऊ आपण इथून," मी म्हणाले.

"काऊन? भूक लागली मले," आई म्हणाली, आणि तिनं हातरुमाल मांडीवर पसरला.

थोड्या वेळानं बाई दोन्ही हातांत ताटं घेऊन लांब टेबलापाशी गेली, आम्हाला शोधत थबकली, आणि आमच्याकडे आली.

"तुम्ही उठलात का? ते टेबल खराब होतं का?" तिनं इंग्रजीत विचारलं. साधा, सरळ प्रश्न. मी काय सांगणार होते तिला? कुठून सुरुवात करणार होते?

"ऊन लागत होतं," मी म्हणाले.

तिनं वर बघितलं. आभाळ पूर्ण ढगाळ होतं. पण गिऱ्हाईक म्हणतंय म्हटल्यावर ती बिचारी गेली आणि एक भलीमोठी छत्री ओढत आणून तिनं आमच्या टेबलावर उघडली. आता आम्ही त्या करड्या दुपारी अख्ख्या चौकात एकट्याच छत्रीखाली बसलो होतो. मी नितीनची लाज झाकायला खोटं बोलले होते. माझी लाज नव्हती ती, त्याची होती, आणि ती झाकायची घाई मात्र मला झाली होती.

मग मी ताटाकडे बघितलं. चीजवर लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्या होत्या. मी सुरीनं उचकून पाहिलं. सॉसेजची एक चकती नव्हती. आता माझा संताप बाहेर पडायला जागा मिळाली.

"एक्सक्यूज मी! हे आम्ही मागवलेलं नाही. आम्ही पेपरोनी मागवला होता."

"हा पेपरोनीच आहे," बाई म्हणाली.

"यात मांस कुठंय?"

तिनं कपाळाला हात लावला आणि ती मोठ्यानं हसली. "तुम्ही इंग्लंडहून आलात का? दर आठवड्याला कोणीतरी असं रागावतं. इथं पेपरोनी म्हणजे ही." तिनं एका लाल पट्टीवर बोट ठेवलं. "भाजी. तुमच्या मनात आहे त्याला आम्ही सलामी म्हणतो, तिखट सलामी. यात मांस अजिबात नाही. सगळी भाजी, फक्त भाजी!"

आई माझ्याकडे बघत होती. मी मराठीत सांगितलं, "ढोबळी मिरची आहे आई. इथं ढोबळी मिरचीला पेपरोनी म्हणतात."

आईनं एक पट्टी उचलून तोंडात टाकली, चावली, आणि तिला हसू फुटलं. चार दिवसांत ती अशी हसली नव्हती. "म्हणजे आपल्याले ढोबळ्या मिरचीसाठी उठवलं?" ती म्हणाली. मलाही हसू आलं.

बाईचं शेवटचं वाक्य चौकभर ऐकू गेलं होतं. नितीन खुर्चीवरून उठला आणि लगबगीनं आमच्याकडे आला. चेहऱ्यावर सुटकेचा आनंद.

"व्हेज आहे? अगं, मग या ना इकडे! मावशी, चला, आता काहीच प्रॉब्लेम नाही. मी ताटं घेतो."

त्यानं खरोखरच आईच्या ताटाला हात घातला. त्याला वाटत होतं की तो चांगलं काहीतरी करतोय. उठवताना निदान त्याची नजर खाली होती. आता बोलावताना त्याला कसलाच संकोच नव्हता. आमची परीक्षा झाली होती आणि आम्ही ढोबळ्या मिरचीच्या मार्कांवर पास झालो होतो.

आईनं ताट दुसऱ्या बाजूनं धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं.

"मिरची निघाली म्हणून?" तिनं विचारलं.

"म्हणजे... नाही, तसं नाही मावशी..."

"आम्ही इथं जेवून राहिलो, नितीन. तुम्ही जेवा तिकडे."

तो ताट सोडून उभा राहिला. माझ्याकडे बघितलं त्यानं. मी काहीतरी बोलून त्याला मोकळं करेन, अशी त्याची अपेक्षा होती, कारण सहा वर्षं मी तेच करत आले आहे. मी पिझ्झा कापत राहिले. तो परत गेला.

बाईला शब्द कळले नव्हते, पण बाकी काहीतरी कळलं असावं. ती रेंगाळली. आईनं पर्समधून जवसाची चटणी काढून पिझ्झ्यावर भुरभुरली. हे काय, असं बाईनं विचारताच आईनं एक तुकडा कापून, चटणी घालून तिच्यापुढे धरला. तिनं तो उभ्यानंच खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी खाल्ला, आणि आपण मूळच्या पोर्तुगालच्या, वीस वर्षांपूर्वी भांडी घासायला इथं आलो, असं सांगितलं. आई लगेच म्हणाली, "लिस्बन, टॅगस नदीच्या मुखाशी." बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आईनं पिझ्झा कडांसकट संपवला. डेझर्ट एकत्र झालं नाही. आई पुन्हा धान्याच्या कोठारापाशी गेली आणि तिनं मापांच्या खुणा वहीत उतरवून घेतल्या.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली, मी पलीकडच्या रांगेत. नितीन आणि मेधा डब्याच्या दुसऱ्या टोकाला. गाडी सुटल्यावर काकू उठल्या, तोल सावरत आल्या आणि आईशेजारी बसल्या. बराच वेळ दोघी बाहेर बघत होत्या.

"तुम्हाला वाईट वाटलं का हो?" काकूंनी विचारलं.

आता आई काय म्हणणार हे मला पाठ होतं. 'नाही हो, त्यात काय' असं म्हणणार. मुख्याध्यापक, इन्स्पेक्टर, घरमालक, सगळ्यांना ती आयुष्यभर हेच म्हणत आली आहे.

"हो," आई म्हणाली. "वाटलं."

काकूंनी पदर सारखा केला. "मी नव्हतं सांगितलं त्याला."

"पण ऐकू तर येत होतं न तुम्हाला."

"मला त्या वासानं मळमळतं, खरंच सांगते."

"वास यायचाच होता अजून," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, वर्गात एखाद्या मुलीचं चुकलेलं उत्तर दुरुस्त करावं तसा होता. "त्याच्या आधीच उठवलं आम्हाला."

माफ करा, असं काकू म्हणाल्या नाहीत. पण त्या तिथून उठल्या नाहीत. स्टेशन येईपर्यंत आईच्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या, आणि हेही लिहायला हवं म्हणून लिहिते आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही मँचेस्टरला परतलो. विमानतळावर सगळ्यांनी एकमेकांना बाय केलं, बॅगा उतरवायला मदतही केली. घरी येऊन मी लिहायला बसले तेव्हा आईला विचारलं, "त्या टेबलाचं लिहू का? तुझ्या मैत्रिणींमध्ये वाचलं जाणार आहे."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "लिही," ती म्हणाली. "डोंगरच तेवढे दाखवले आणि खड्डे सोडले, तर तो नकाशा काय कामाचा?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी मेसमध्ये दोन वर्षांत एकदाही बोलली नव्हती. गाडीत बोलली. उशीर झाला, पण बोलली."

आईनं चाळीस वर्षांनी का होईना, 'वाटलं' असा एक शब्द उच्चारला होता. मी अजून 'इट्स ओके'वरच होते.

काल संध्याकाळी नितीनचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो अडखळला. "मावशी काही म्हणाल्या का गं? म्हणजे, ते त्या दिवशीचं. उगाच गैरसमज नको व्हायला आपल्यात."

सवयीनं माझी जीभ 'इट्स'पर्यंत पोचली होती. मी ती आवरली. या माणसानं मला या शहरात घर शोधून दिलं होतं, ते मी विसरलेली नाही. म्हणूनच हे त्याला माझ्याकडून ऐकायला मिळायला हवं होतं.

"गैरसमज पेपरोनीबद्दल झाला होता, नितीन," मी म्हणाले. "टेबलाबद्दल आपला कोणाचाच झाला नव्हता. आईचा नाही, माझा नाही, आणि तुझाही नाही."

मी फोन ठेवला नाही. उत्तर त्यानं द्यायचं होतं.